सातवी बरणी

माझ्या हातची बरणी फुगत नाही. हे मी नाही म्हणत, गाव म्हणतं. इस्सिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठावर आमचे दीडशे उंबरे, आणि सप्टेंबर लागला की दीडशेच्या दीडशे घरांत वांगी, टोमॅटो, मिरच्या शिजत असतात. पण मीठ किती, उकळी किती वेळ, झाकण किती आवळायचं हे विचारायला पोरी येतात त्या माझ्याकडे. "ऊलकान एजे, जरा येऊन बघा ना." एजे म्हणजे थोरली बहीण, आणि मी सगळ्यांचीच एजे. मी जाते, झाकणावर टिचकी मारते, आवाज ऐकते आणि सांगते, ही राहील, ही नाही राहायची. नाक वर करूनच सांगते, खोटं कशाला बोलू?

म्हणून त्या मंगळवारी सकाळी मी तळघरात उतरले आणि वांग्याच्या एका बरणीचं झाकण फुगून वर आलेलं पाहिलं, तेव्हा मला आधी वाटलं ही माझी नव्हेच. चुकून कुणाची तरी आली असेल. पण काचेला लागून लाल मिरची उभी होती. आमची आई तशी उभी करायची, आणि आता या गावात तशी मी एकटीच करते.

टिचकी मारली. बद्द आवाज आला.

असं का झालं ते मला लगेच आठवलं. दहा दिवसांपूर्वीची गोष्ट. अंगणात चुलीवर मोठं पातेलं, सून बेगिमाय परतलेली वांगी बरण्यांत भरतेय आणि मी व्हिनेगर घालतेय. व्हिनेगरला माझ्या घरात दुसरं कुणी हात लावायचा नाही, हा माझा नियम. प्रत्येक बरणीत एक चमचा, माझ्याच हातानं. शेवटच्या सात बरण्या उरल्या होत्या, आणि तेवढ्यात रस्त्यावरून माझी धाकटी बहीण सायकाल गेली. डोक्याला निळा रुमाल, हातात बादली, मान सरळ. माझ्या फाटकाकडे बघितलंसुद्धा नाही. सहा वर्षं बघत नाही ती, नवीन काय त्यात? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फाटकाशी गेले आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. परत आले तर सातही बरण्या भरलेल्या.

"आपा, व्हिनेगर?" बेगिमायनं विचारलं. मोठ्या बायकांना ती आपा म्हणते, सासूलाही.

"घातलंय."

"या सातांत?"

"माझा हात विसरत नाही," म्हटलं, आणि यंत्र घेऊन झाकणं पिळायला बसले. पिळून झाल्यावर बरण्या उलट्या केल्या आणि गोधड्यांत गुंडाळून ठेवल्या, नेहमीसारख्या. घातलं होतं की नव्हतं? देवाशप्पथ, मला आठवत नव्हतं. पण सुनेपुढे तसं म्हणायचं कसं?

आता तळघरात, शेवटच्या म्हणून वेगळ्या फळीवर ठेवलेल्या त्या बरण्या मी मोजल्या. फुगलेली धरून सहा. परत मोजल्या. सहाच.

"बेगिमाय! इथली सातवी कुठाय?"

ती शिडीच्या तोंडाशी आली, हात पिठानं भरलेले. "झूरा आपांचं वाडगं आलं होतं ना, पेअर भरून? ते मोकळं कसं पाठवू? म्हणून वाडग्यात एक बरणी ठेवून दिली. का? काय झालं?"

"काही नाही. कणीक मळ."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. भरून आलेलं भांडं आमच्याकडे मोकळं परत जात नाही. चिमूटभर चहा का असेना, काहीतरी घालूनच द्यायचं. सुनेला पहिल्या दिवशी मीच हे शिकवलं होतं.

फुगलेल्या बरणीत काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पलीकडच्या गावात एका लग्नात अशीच एक बरणी उघडली होती. वास नाही, चवीत फरक नाही, हाच त्या मेलीचा दुष्टपणा. दुसऱ्या दिवशी माणसांच्या पापण्या उचलेनात, मग गिळवेना, मग श्वास. तिघं गेली. म्हणजे माझी सातवी बरणी कुणी उघडायच्या आत मला हातात हवी होती. घाई करायला हवी होती. आणि मी काय केलं, ते आता ऐका.

झूरा माझी शेजारीण, माझ्याच वयाची, तोंडाची गोड. तिच्या दारातूनच विचारलं, "झूरा, ती वांग्याची बरणी आहे का गं? ती दे, दुसरी देते. हिच्यात मीठ जास्त पडलंय."

"तुझ्या हातून मीठ जास्त?" झूरा हसायलाच लागली. "म्हातारी झालीस, ऊलकान! ये, बस."

"बसायला वेळ नाही."

"दारातून परत जाणार? भाकरीचा तुकडा तोंडात न घालता? माझ्या घरावर रुसलीस की काय?"

बसावंच लागलं. तिनं चहा ओतला, लोणी काढलं, गुडघेदुखीचं सांगितलं, पोराच्या बायकोचं सांगितलं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले. तिसऱ्या कपाला ती म्हणाली, "अगं पण ती बरणी माझ्याकडे कुठाय? रविवारी कालीचाचा नातू बघायला गेले ना, तेव्हा टोपलीत तीच नेली. रिकाम्या हाती कशी जाऊ? तिला फोन लाव की."

"बघते," म्हटलं.

तेव्हाच लावायला हवा होता. फोन माझ्या खिशात होता, नंबर त्यात होता. पण कालीचा म्हणजे गावचा रेडिओ. तिला एक शब्द सांगितला असता तर दुपारच्या आत वरच्या आळीपासून तळ्यापर्यंत प्रत्येक चुलीपुढे झालं असतं, ऊलकानची बरणी फुगली हो. वीस वर्षं ज्यांच्या झाकणांवर टिचक्या मारल्या, त्या सगळ्या तोंडावर रुमाल धरून हसल्या असत्या. मी मनाला समजावलं. कालीचाच्या घरी स्वतःच्याच ढीगभर बरण्या आहेत, ती माझी आत्ता कशाला उघडेल? बाळंतिणीच्या घरात वांगी कोण खातंय? उद्या सकाळी सहज म्हणून जाईन, बाळ बघायला म्हणून जाईन, हळूच मागून घेईन.

तो दिवस कसा गेला ते मला विचारू नका. गाजरं उपटायला वाफ्यात गेले, चार उपटली आणि फाटकाशी आले. परत गेले. दूध तापायला ठेवलं, ते उतू गेलं. कांद्याच्या वेण्या घालायला बसले, अर्धी घातली, उसवली, परत घातली. त्या सहा बरण्या परसात खोल खड्डा करून पुरल्या, तर बेगिमाय विचारते, "आपा, काय पुरताय?" तिच्यावरच ओरडले. चार वेळा फोन हातात घेतला, चार वेळा ठेवला. पायाला भिंगरी लागली होती आणि जायचं मात्र कुठंच नव्हतं.

बुधवारी सकाळी गेले. नातवासाठी टोपडं नेलं, साखर नेली. कालीचा माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, डोळे सारखे भिरभिरते. बाळाचं कौतुक झालं, चहा आला. मग मी म्हटलं, "झूरानं आणलेली वांग्याची बरणी आहे का गं? मीठ जास्त झालंय तिच्यात, बदलून देते."

"ती होय!" कालीचानं मांडीवर थाप मारली. "एजे, तुम्हाला सांगणारच होते. ती कालच गेली. सायकालनं शेपू पाठवला होता भरपूर, तिचं भांडं परत करायचं होतं. माझ्या बरण्या खाली तळघरात, ही वरच होती. काल अकराच्या सुमाराला दिली तिला."

मी कप खाली ठेवला.

"सायकालला?"

"हो. आणि ऐका ना! तिनं बरणी हातात घेतली, फिरवून बघितली. मिरचीवर बोट ठेवलं. म्हणते, ही ऊलकाननं पाठवली? आता मी काय सांगू? तिचा चेहरा असा झाला होता, एजे, मला नाही म्हणवेना. हो म्हटलं. वाईट केलं का मी?"

काल अकराला. म्हणजे काल मी झूराकडून निघाले तेव्हा बरणी अजून इथंच, या खिडकीत होती. एका फोनचं काम होतं.

"सायकालला फोन लावू का? सांगते, मीठ जास्त आहे म्हणून," कालीचा म्हणाली.

आणि तेव्हाही, तेव्हासुद्धा, माझी जीभ उचलली नाही. "नको, मी जाते," म्हटलं आणि निघाले. कालीचा दारात तोंड उघडं टाकून उभी राहिली. ऊलकान सायकालच्या घरी जाते आहे, हे तिच्यासाठी फुगलेल्या बरणीपेक्षा मोठं होतं.

सायकालचं घर पाटाच्या कडेला, गावाच्या वरच्या टोकाला. त्या पाटावरूनच आमचं बिनसलं होतं. सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये पाण्याची पाळी तिची होती आणि माझ्या वाफ्याकडचं पाणी अडवायचा पत्रा मी वेळेवर पाडला नाही. मी म्हणते अर्धा तास, ती म्हणते सगळी पाळी. तिची टोमॅटोची रोपं सुकली. ती पाटावर आली आणि चार लोकांत मला पाणीचोर म्हणाली. म्हणाली तर म्हणाली, गप्प बसायचं. पण मी म्हटलं, "ज्या घरात प्यायला पोर नाही, त्या घराला एवढं पाणी कशाला गं?" सायकालला मूल झालं नाही. नवरा गेल्यावर ती एकटी राहते. त्या वेळी पाटावरचे सगळे लोक खाली बघायला लागले. तिनं फावडं उचललं आणि गेली. त्यानंतर मी हजार वेळा मनात म्हटलं, जावं, पाय धरावेत. आणि हजार वेळा म्हटलं, धाकटी ती आहे, तीच येईल.

चढावर धाप लागली. थांबायची भीती वाटत होती. उघडली नसेल. जपून ठेवली असेल. नको रे देवा, तिच्या तोंडात जाऊ देऊ नको.

सायकाल अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली बसली होती. समोर चौरंग, त्यावर रुमाल अंथरलेला, त्यावर भाकरी, लोणी, दोन कप आणि ती बरणी. अर्धी रिकामी.

"आलीस, एजे?" ती म्हणाली. उठायला गेली आणि परत बसली. "काल दुपारपासून वाट बघतेय. म्हटलं, बरणी आली म्हणजे मागून तीही येईल. दोन कप कालच मांडून ठेवलेत."

"तू खाल्लीस?"

"मग काय पूजा करू? काल जेवताना खाल्ली, रात्री पण खाल्ली. बस ना, चहा ओतते." तिनं चहाची किटली उचलली आणि चहा कपाच्या शेजारी, सरळ भाकरीवर ओतला. "बघ, सकाळपासून हे असं चाललंय. सगळं दोन-दोन दिसतंय. तोंड तर असं सुकलंय, पाणी पिऊन पिऊन दमले. म्हातारपण बाई, दुसरं काय."

तिची डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती.

मी तिथंच खिशातून फोन काढला. "कालीचा, ऐक. मीठबीठ काही नाही. माझी बरणी बिघडलीय. व्हिनेगर मी घातलं नव्हतं. सायकालनं खाल्लीय, तिला दोन दिसतंय. एशेनला म्हणावं गाडी काढ, आत्ताच्या आत्ता! आणि तुमच्या घरात कुणी तिला तोंड लावलं नाही ना? झूराला विचार. हो, सांग सगळ्यांना, अख्ख्या गावाला सांग!"

फोन ठेवला तर सायकाल माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या शेजारी कुठंतरी बघत होती.

कालीचाचा नवरा एशेन सहा मिनिटांत आला, चपला उलट्या घालून. तालुक्याचं इस्पितळ चाळीस मिनिटांवर. मागच्या सीटवर मी सायकालला धरून बसले. बरणी मांडीवर, रुमालात बांधलेली, डॉक्टरांना दाखवायला. एशेन खड्ड्यांतून गाडी अशी नेत होता की आमची डोकी टपाला आपटत होती, आणि तरी मी ओरडत होते, "जोरात हाण की रे! बैलगाडी आहे का ही?"

सायकालचा आवाज जड झाला होता, दाताला औषध टोचल्यावर होतो तसा. मला तिला गप्प होऊ द्यायचं नव्हतं.

"बोल काहीतरी," म्हटलं. "शिव्या दे. सहा वर्षांच्या साठल्या असतील."

"तू पाठवलीस ना, एजे?" तिनं विचारलं. "बरणी. तूच पाठवलीस ना?"

"हो गं," मी म्हटलं. "मीच."

तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. तिच्या रुमालाला शेपूचा वास येत होता. मला रडू फुटलं आणि ते मी दाबलंही नाही.

इस्पितळात डॉक्टर तरुण बाई होती, केस घट्ट बांधलेली, बोलायला सरळ. तिनं सायकालच्या पापण्या बघितल्या, गिळायला लावलं, बोट डावीकडे उजवीकडे नाचवलं. एका नर्सला इंजेक्शन आणायला पळवलं. मग खाटेशेजारी उभी राहून मला म्हणाली, "आता नीट सांगा. कुणी बनवलं, कधी बनवलं, कुणाकुणाकडे गेलं, आणखी कुणी खाल्लं? खरं सांगा, मावशी. यात माणसं मरतात."

सायकाल उशीवर पडून ऐकत होती. दारात एशेन उभा. मी एकदा तिच्याकडे बघितलं.

"मी बनवलं," म्हटलं. "अकरा दिवस झाले. सात बरण्या, व्हिनेगर राहिलं. सुनेनं एक झूराला दिली, झूरानं कालीचाला, कालीचानं हिला. बाकीच्या सहा मी पुरल्यात. दुसऱ्या कुणी नाही खाल्लं, आत्ताच विचारून घेतलं."

"तुम्ही हिला दिली नव्हती?"

"नाही. हिच्याकडे गेलीय हे मला आज कळलं."

"आणि बिघडलीय हे कधी कळलं?"

हेच ती विचारणार, हे मला ठाऊक होतं.

"काल सकाळी."

डॉक्टरनं पेन थांबवलं, मग लिहून घेतलं. इंजेक्शन आलं. ते हळूहळू शिरेत सोडायचं होतं, नर्स नळी धरून उभी राहिली. डॉक्टर म्हणाली, वेळेवर आणलंय असं वाटतंय, पण दोन दिवस डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. श्वास जड झाला की हाक मारायची. मग ती पुढच्या खाटेकडे गेली, एशेन बाहेर गाडीकडे गेला, थोड्या वेळानं नर्सही गेली. आम्ही दोघीच राहिलो.

सायकाल छताकडे बघत होती. "म्हणजे तू पाठवली नव्हतीस."

"नाही."

"आणि काल सकाळी तुला माहीत होतं."

"बरणी बिघडलीय एवढं माहीत होतं. तुझ्याकडे येणार हे नव्हतं."

"मग काल का नाही शोधलीस?"

"लाज वाटली," मी म्हटलं. "लोक हसतील म्हणून. ऊलकानची बरणी फुगली म्हणतील म्हणून. एवढ्यासाठी, सायकाल. आणि पाटावर जे बोलले, तेही लोकांसमोर नाक वर राहावं म्हणूनच बोलले. ते बोलल्याला सहा वर्षं झाली, आणि एक दिवस असा गेला नाही की ते मला टोचलं नाही. पण तुझ्या दारात येऊन सांगायला माझे पाय निघाले नाहीत. आज निघाले ते भीतीनं."

तिचा श्वास मी मोजत होते, एक, दोन, तीन, वर, खाली. मग तिनं हात उचलला, नळी नसलेला, आणि तळव्यानं एक डोळा झाकला. माझ्याकडे बघितलं. हात दुसऱ्या डोळ्यावर नेला, परत बघितलं. मग हात काढला आणि दोन्ही डोळ्यांनी, अर्ध्या उतरलेल्या पापण्यांखालून, बघतच राहिली.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"दोन दिसतेस," ती जड जिभेनं म्हणाली. "कुठलीवर रागवायचं ते ठरवतेय."

"दोघींवर रागव," मी म्हटलं आणि स्टूल खाटेला भिडवलं. "दोघी इथंच बसल्यात."